डब्यावरची चिठ्ठी

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आधी नोकरीचं कारण होतं, मग पेन्शनचं, मग तब्येतीचं. आता अठ्ठ्याहत्तरी उलटली, आणि ज्याला सांगायचं होतं तो राहिला नाही.

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा मी लोकांना जुन्या रेकॉर्डी ऐकवतो. त्यांना सर्वांत आवडतं ते एका परदेशी रॉक बँडच्या अल्बमबद्दलचं माझं बोलणं. मी सांगतो, त्याआधी रेकॉर्ड म्हणजे मैफलीचा फोटो असायचा. गाणारे गायचे, यंत्र ते पकडायचं. या मुलांनी कार्यक्रम करणं सोडलं आणि ती महिनोन्‌महिने स्टुडिओत दार लावून बसली. टेप उलटी फिरवली, वेग कमी-जास्त केला, एकाच गळ्याचे चार थर दिले, रस्त्यावरचे आवाज वाद्यांत मिसळले. स्टेजवर वाजवताच येणार नाहीत अशी गाणी केली आणि जगाने ती डोक्यावर घेतली. मग बाकीचे बँडही स्टुडिओत मुक्काम ठोकू लागले. सुटी गाणी गोळा करण्याऐवजी अख्खी रेकॉर्ड एका धाग्यात रचली जाऊ लागली, आणि बटणांपाशी बसणारा माणूस कलावंतांत मोजला जाऊ लागला. माझी नात आज लॅपटॉपवर जे करते, त्याची सुरुवात तिथली आहे.

यातलं एकही वाक्य माझं नाही. ते सगळं मला माझ्या एका सहकाऱ्याने समजावलं होतं.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "अंकल, तब अपने यहाँ किसीने ऐसा कुछ किया था?"

"नहीं बेटा," मी म्हणालो. "साधन ही कहाँ थे."

साधनं होती. दिल्लीतल्या एका सरकारी ध्वनिमुद्रण केंद्रात आम्ही दोघे नोकरीला होतो. शाळांसाठी धडे मुद्रित करायचे, हे आमचं काम. मी त्याच्यापेक्षा एक पायरी वर. तो नागपूरकडचा, बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिला शिकलेला. मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहायचा. मला 'पुणेकर' म्हणायचा, तेही 'पुणेकर, कान धुऊन या आधी' अशा थाटात. शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याकडून त्याला ती रेकॉर्ड मिळाली आणि त्याचं डोकं फिरलं. मला दोनदा ऐकून ती गोंगाट वाटली. तो मात्र कागदावर रेघा मारून दाखवायचा, इथे टेप उलटी आहे, इथे दोन वेग आहेत.

त्या हिवाळ्यात त्याची आई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दिल्लीला आली होती. एका रविवारी दुपारी तो तिला स्टुडिओत घेऊन आला. तिने स्वतः रचलेला एक पाळणा होता, तो त्याने मुद्रित केला. "यंत्रापुढं रडू तर नाही ना येणार मला?" असं तिने विचारलं आणि मग एका दमात सगळा पाळणा म्हणून टाकला. पुढचे सहा-सात रविवार आम्ही त्या आवाजावर घालवले. टेपचा एक तुकडा कापून त्याची टोकं जोडायची, ते कडं यंत्रावर फिरत ठेवायचं, आणि ते सैल पडू नये म्हणून मी लांब उभा राहून पेन्सिलीवर ताणून धरायचं. माझं काम एवढंच. त्याने आईच्या आवाजावर तिचाच आवाज चढवला. खाली स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज अर्ध्या वेगाने. शेवटी पाळणा उलटा फिरत जायचा आणि एक श्वास तेवढा सुलटा राहायचा.

पूर्ण झाल्यावर त्याने मला ते ऐकवलं. सात-आठ मिनिटांचं असेल. मी म्हणालो, "बरंय." घरी जाताना बसमध्ये मला कळलं होतं, की हे मला जन्मात जमणार नाही.

आमच्याकडे नवी टेप क्वचित मिळायची. जुन्या टेपा मोठ्या चुंबकावर पुसून पुन्हा वापरायच्या, ही रीत होती. कोणत्या पुसायच्या याची यादी मी करायचो. त्याने डब्यावर चिठ्ठी लावली होती, 'मिटाना मना है', खाली सही. दोनच दिवसांत तपासणी असल्याचं कळलं. सरकारी टेप खाजगी कामाला वापरली म्हणून दोघांवरही ठपका येईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण ती टेप मी माझ्या पिशवीत घालून घरी नेऊ शकलो असतो. मी चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि डबा यादीतल्या ढिगावर ठेवला.

सोमवारी तो पुसून झालेल्या टेपांचा ढीग उपसत बसला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "यार, मी चिठ्ठी लावलीच नव्हती वाटतं." मी म्हणालो, "लावायला हवी होतीस." ही तीन शब्दांची शिकवणी मी त्याला दिली. त्याची आई त्या उन्हाळ्यात गेली. त्याने पुन्हा असं काही केलं नाही. धडे मुद्रित करत निवृत्त झाला.

मागच्या हिवाळ्यात तो हिंदूराव हॉस्पिटलात दाखल असल्याचं त्याच्या मुलीने फोनवर कळवलं. मी मेट्रोने गेलो. वाटेत एकच वाक्य घोकत होतो. तो उशीला टेकून बसला होता, मला पाहून हसला. "आलात पुणेकर? कान धुतले का?" मग बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मुलीला त्याने सांगितलं, की त्या टेपची पेन्सिल यांनी धरली होती. ती चहा आणायला गेली तेव्हा तो म्हणाला, "आईचा आवाज आता आठवत नाही रे. शब्द आठवतात, आवाज नाही. एक चिठ्ठी लावायला विसरलो, बघ."

मी त्याच्या पायावरची चादर सारखी केली. "जाऊ दे आता," म्हणालो. मुलगी चहा घेऊन आली. आम्ही तो प्यायलो आणि मी निघालो. नवव्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला.

मेट्रोत घोकलेलं वाक्य असं होतं: चिठ्ठी तू लावली होतीस, मी काढली, मला माफ कर.