अप्पांचे पाच बैल

शिवमूर्तीअप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत होते. औशाला पोहोचेपर्यंत माती देऊन माणसं परतली होती. ओसरीवर एक गृहस्थ सांगत होते, "अप्पांनी खेळणी संग्रहालयाच्या प्रदर्शनाला दिली, केवढं मोठं मन!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मन मोठं होतंच हो, पण त्या मनाचं पुढे काय केलंत, तेही सांगा की!

अप्पांचं किराणा दुकान आमच्या घराला लागून. त्यांची मुलगी गंगू माझ्याच वर्गात. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी बैलजोडी विकली, तेव्हा गंगू दिवसभर रडली. मग तळ्यात उरलेला चिखल आणून आम्ही दोघींनी पाच बैल केले. खरं तर तिनंच केले, मी नुसती शिंगं लावली. पोळ्याला चार दिवस असताना हगवणीनं गंगू गेली... सुतकात पूजा कुठली? पुजलेले बैल आमच्याकडे पाण्यात सोडतात. हे पुजलेच नव्हते, म्हणून घरात राहिले.

त्यानंतर अप्पांना नादच लागला. माल आणायला देगलूर, उदगीरला गेले, की पोरांना गोळ्या-बिस्किटं देऊन त्यांनी केलेली खेळणी घेऊन यायचे. चिंध्यांच्या बाहुल्या, ज्वारीच्या धाटाच्या गाड्या, डब्याच्या पत्र्याची मोटार. लोक हसायचे, "अप्पा, या वयात खेळायलात काय?" अप्पा म्हणायचे, "व्हय, खेळायलो." कपाटातला मधला कप्पा मात्र बैलांचा. तिथं कुणी हात लावायचा नाही.

लातूर जिल्हा नवा झाला, तसं सगळ्यांना सगळंच नवं पाहिजे होतं. संग्रहालयही निघालं आणि पहिलं प्रदर्शन खेळण्यांचं ठरलं. मी तेव्हा लातूरला चित्रकला शिकवत होते. संग्रहालयाच्या साहेबांपुढे मिरवायची भारी हौस! मीच अप्पांच्या मागे लागले.

"बाकी समदं ने पोरी," अप्पा म्हणाले, "बैल नको."

"अप्पा, गंगूचं नाव लागेल तिथं. लोक वाचतील."

अप्पांनी उठून कपाट उघडलं. मग स्वतःच्या धोतरात बांधून त्यांनी पाचही बैल माझ्या हातात दिले.

उद्घाटनाला पोळा तोंडावर आलेला. साहेब म्हणाले, "बैल आहेतच, पूजेनंच सुरुवात करू." ताट मी पुढे केलं. साहेबांनी फुलं वाहिली, फोटो काढून घेतला. हळद-कुंकू माझ्या हातानं लागलं. सगळं माहीत असून मी तोंडातून ब्र काढला नाही. प्रदर्शन संपल्यावर शिपायानं कुठल्याही घरात केलं असतं तेच केलं. खेळणी परत द्यायला मी आणि शिपाई गेलो, तेव्हा तोच अप्पांना कौतुकानं म्हणाला, "बैलांचं इसर्जन नीट केलंय बरं का, नारळ फोडून."

कच्ची माती ती, पाण्यात किती वेळ टिकणार? अप्पा "बरं केलं बाबा" एवढंच म्हणाले आणि आम्हाला चहा सांगितला. पूजा कुणी केली, असं त्यांनी विचारलं नाही. तरी मीच साहेबांचं नाव सांगून मोकळी झाले. पुढची कित्येक वर्षं त्या घरचा चहा पीत राहिले. निर्लज्जासारखी.

परवा तेरावं झाल्यावर सूनबाई कपाट आवरायला बसल्या. मधल्या कप्प्यात मातीचा बारीक भुगा अजून तसाच पडलेला होता. "अप्पा हे पुसूच देत नव्हते," त्या म्हणाल्या. मला राहवलं नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्यांना सांगून टाकलं.

सूनबाई खाली बघत म्हणाल्या, "त्यान्ला ठाव व्हतं ताई. हळद-कुंकू तुमीच लावलं, ते शिपायानं तवाच सांगितलं व्हतं. 'पोरीला कुणी बोलू नका, गंगूसंगं बैल करणारी तेवढीच उरलीय,' म्हणले."

अहो अप्पा, एकदा तरी रागवायचं होतं! थोबाडीत द्यायची होती. आता मी कुणाच्या पाया पडू?

सूनबाईंनी ओलं फडकं उचललं. मी त्यांचा हात धरला आणि कपाटाचं दार लावून घेतलं.