मामूंचा डावा कान

मामूंचा उजवा कान पार गेलेला होता. तीस वर्षं उघड्या खिडकीशी बसून ट्रक चालवला, वाऱ्याने आणि हॉर्नने त्या कानाची वाट लावली. तरीही यवतमाळच्या आमच्या ट्रान्सपोर्टच्या आवारात गाडीचं दुखणं कानाने ओळखणारा माणूस म्हणून सगळे त्यांच्याकडेच धावत. मामू आपला डावा कान इंजिनाकडे करत, डोळे मिटत, भोवतालच्या बडबड्यांना हाताने गप्प करत आणि म्हणत, "पट्टा घासून राह्यला. इंजिनले काही नाही झालं." खोलून पाहिलं की तसंच निघायचं.

पण कानापायीच त्यांची गाडी सुटली. लायसन नव्याने करायला गेले तेव्हा डॉक्टरांनी कागदावर सही करायला नकार दिला. त्यांचा चौदा चाकी ट्रक आवाराच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि आठवडाभराने आमच्या शेठनी तो मला दिला.

मी महागावची. बाबा दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवायचे, त्यांच्याच मांडीवर बसून मी स्टेअरिंग धरायला शिकले. पुढे मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि दोन वर्षं सहा चाकी ट्रकमधून सोयाबीन वाहिलं, सगळं जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. मला लांबच्या खेपा हव्या होत्या. शेठकडे चार वेळा गेले, पाचव्या वेळी ते म्हणाले, "कापसाच्या गाठी कोइमतूरला न्यायच्या आहेत. मामू सोबत येतील. परत आल्यावर मामू सांगतील तसं." म्हणजे ज्या माणसाची गाडी मला मिळाली, तोच माणूस ती माझ्याकडे राहील की नाही ते ठरवणार होता. त्या गाडीवर डोळा असलेले दोन जुने ड्रायव्हर आवारातच होते. एक बाई ती गाडी नेणार, हे त्यांना पटलेलं नव्हतं.

पहिल्या सकाळी मी सगळ्यांसमोर गाडीत चढले आणि तीन वेळा गाडी बंद पाडली. माझ्या जुन्या ट्रकमध्ये जिथे पहिला गिअर होता, तिथे या गाडीत भलताच होता. शिवाय गिअरच्या दांड्यावर एक बटण, ते वर केलं की तेच गिअर वेगळे होणार. क्लच दाबायला मला सीटच्या टोकावर घसरावं लागे आणि घसरले की आरशात रस्त्याऐवजी आभाळ दिसे. तिसऱ्या झटक्याला कुणीतरी ओरडलं, "चाबी देऊन टाक वापस!" हशा पिकला. माझे कान तापले.

मामू शांतपणे डाव्या बाजूने वर चढले. त्यांनी हात लांब करून चावी काढली आणि खिशात टाकली.

"मामू, मला एकदा आणखी..."

"आज इंजिन चालू नाही करायचं," ते म्हणाले. "गाडी नवी नाही, तू नवी हायेस तिले. वळखू दे तिले तुले."

मग त्यांनी गळ्यातला पंचा काढून माझ्या डोळ्यांवर बांधला. "वायपर लाव." मी चाचपडले, हॉर्न वाजला. खाली पुन्हा हशा. "हसू दे त्यायले. पुन्हा लाव." दुपारपर्यंत मी त्या केबिनमध्ये आंधळी होऊन बसले होते. प्रत्येक बटण, प्रत्येक दांडा, हँडब्रेक, दिवे, सगळं हाताने शोधत होते. मी कंटाळून कुरकुर करत होते, पण मामू डावीकडे बसलेले, म्हणजे त्यांचा गेलेला कान माझ्याकडे. माझी सगळी कुरकुर त्याच कानावर पडत होती आणि ते आरामात बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा ड्रायव्हरची सीट गाडीत नव्हतीच. मामूंनी ती उचकटून ओळखीच्या गादीवाल्याकडे नेली होती. मी तिथे पोहोचले तर ते उकिडवे बसून स्वतः ब्लेडने जुनं कव्हर फाडत होते. आतला फोम अकरा वर्षांत त्यांच्या अंगाच्या आकाराचा झाला होता, उजवीकडे जास्त दबलेला, कारण ते खिडकीकडे कलून बसत. तो त्यांनी ओढून बाहेर काढला आणि बाजूला टाकला.

"अहो मामू, राहू द्या ना, मी उशी घेईन," मी म्हटलं. मला ते बघवत नव्हतं.

"उशी घेऊन घाट उतरशीन काय? शीट तुह्या मापाची पाह्यजे. हिंमत मंग पाहू." गादीवाल्याने मला पाटावर बसवून माप घेतलं, शिंपी घेतो तसं. पाठीमागे जाड, खाली उंच, पुढची कड कमी. संध्याकाळी मी त्या सीटवर बसले आणि माझा पाय पहिल्यांदा क्लचच्या तळापर्यंत सरळ गेला. मामूंनी खालून विचारलं, "पोचला?" मी म्हटलं, "पोचला." त्यांनी खिशातून चावी काढून वर फेकली.

चौथ्या दिवशी गाठी भरून आम्ही निघालो. आर्णी मागे पडलं तोवर गिअर दोनदाच चुकले. महागावच्या फाट्यावर आई डबा घेऊन उभी होती, शेजारच्या चार बायांना घेऊन. मी एवढं मोठं धूड हळूच तिच्यापुढे आणून थांबवलं. तिने आधी चाकांकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावला. मामू खाली उतरले.

"जय भीम, भाऊ," आई म्हणाली. "तुमी हाये म्हणून जिवाले बरं वाटते."

"जय भीम, ताई. मी तं नुसता बसलेला हावो. गाडी पोरगीच चालवून राह्यली."

आईने ते शेजारणींना मोठ्याने पुन्हा सांगितलं.

मामू रस्त्याने शिकवत नसत. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ते फक्त विचारत. "आत्ता कसला आवाज आला?" मी म्हणायची, टायरचा. "कोन्त्या?" मला सांगता यायचं नाही. नांदेड, हैदराबाद, त्यापुढचे लाल मातीचे माळ, दिवसभर हेच. चढावर इंजिन कसं बोलतं, रिकामी होत आलेल्या टाकीत डिझेल कसं डुचमळतं, ब्रेक सोडल्यावर हवा कशी सुटते. तिसऱ्या दिवशी मी विचारण्याआधीच सांगायला लागले आणि मामूंनी विचारणं बंद केलं.

तामिळनाडूत धर्मपुरीच्या पुढे थोप्पूरचा घाट लागतो. भरलेल्या गाड्यांसाठी हा उतार वाईट, हे मी आवारात अनेकांकडून ऐकलं होतं. सकाळची वेळ, ऊन स्वच्छ. उताराच्या अलीकडे मी वेग कमी करायला ब्रेक दाबला. ब्रेक लागला. हवेच्या दाबाचा काटा जागेवर होता. पण ब्रेक दाबला की हवेचा जो लहानसा फुस्स आवाज यायचा आणि लगेच तुटायचा, तो या वेळी तुटला नाही. जरासा रेंगाळला. पुन्हा दाबला. पुन्हा रेंगाळला.

मी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"काहून थांबली?" मामूंनी विचारलं.

"ब्रेकच्या हवेचा आवाज बदलला."

त्यांनी डावा कान माझ्या बाजूला केला. मी ब्रेक दाबला. ते ऐकत राहिले. मग त्यांनी मान हलवली. "मले तं काही नाही आलं ऐकू. काटा बराबर हाये. ब्रेक लागून राह्यला."

मागून गाड्या हॉर्न देत जात होत्या. ज्या कानावर अख्खं आवार विश्वास ठेवायचं, तो कान म्हणत होता काही नाही. आणि हा माणूस परत जाऊन शेठला काय सांगेल? पोरगी घाट बघून घाबरली, एवढंच. माझ्या तोंडून निघालं, "मामू, मी घाट उतरणार नाही. आधी पाहू."

ते माझ्या जागेवर सरकले. मी बाटलीत कपड्याच्या साबणाचं पाणी केलं आणि गाडीखाली शिरले. मामू वर ब्रेक दाबून बसले. उजवीकडच्या मागच्या चाकाजवळ हवेच्या पाइपाच्या जोडावर पाणी टाकलं आणि तिथे बुडबुडे आले. आधी दोन, मग भराभरा. मी हाक मारली. मामू हँडब्रेक ओढून उतरले, चाकांपुढे लाकडाचे ठोकळे लावून गाडीखाली आले आणि त्या बुडबुड्यांकडे पाहत राहिले. मग बोट लावलं. जोड हाताने हलत होता.

दीड तासाने जवळचा मिस्त्री येऊन पाइप बदलून गेला. तोवर मामू रस्त्याकडेच्या दगडावर बसून होते, घाटाकडे तोंड करून. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाले, "मी चालवत असतो तं उतरलो असतो खाली." एवढंच. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, लाजही नव्हती. पाणी पिऊन ते उठले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.

मी तो घाट खालच्या गिअरमध्ये, सावकाश, एकदाही न घाबरता उतरले. खाली सपाटीला लागल्यावर मी मोठ्याने ओरडले. नुसतीच ओरडले. मामूंना तेवढं ऐकू गेलं. ते हसले.

यवतमाळला परतलो तेव्हा आवारात दुपारची चहाची वेळ होती. सगळे तिथेच होते. दोन ट्रकांमधल्या जागेत मी गाडी उलटी घेतली, एका दमात, आरशात बघून. कुणी हसलं नाही. शेठ बाहेर आले. "काय मामू, काय म्हणता?"

मामूंनी आपली थैली उतरवून घेतली. "शेठ, आता ते गाडी माह्या हातची नाही राह्यली. मले बसवलं तं मलेच नवी वाटन."

मग सगळ्यांशी हात मिळवून ते बसस्टँडकडे चालत गेले, ढाणकीच्या गाडीसाठी. मी त्यांना पोचवायला निघाले तर म्हणाले, "तू टायर पाह्य आधी." ही आमची एकत्र केलेली एकमेव खेप. पुढची साडेतीन वर्षं मी दर खेपेला उमरखेडहून फोन करायची आणि ते मला रस्त्याबद्दल नाही, आवाजांबद्दल विचारायचे.

ते गेले तेव्हा मी कर्नाटकात होते. पोचू शकले नाही. मामींचे इद्दतीचे, नवरा गेल्यावर घरातच राहायचे महिने संपल्यावर मी रिकामी गाडी घेऊन ढाणकीला गेले. मामी दारात आल्या, ट्रककडे पाहत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बसून पाहू काय यात? कधी बसलीच नाही मी."

मी त्यांना आधार देऊन वर चढवलं. उमरखेडपर्यंत त्या काचेतून बघत राहिल्या. शेतं, पुलाखालचं पाणी, लांबवर दिसणारी रस्त्याची वळणं. मोठ्या रस्त्याला लागलो तशा म्हणाल्या, "एवढं सारं दिसत होतं त्यायले इथून? आन घरी येऊन सांगत, रस्ताच त हाय, दुसरं काय राह्यते!"

"इथून वळायचं का, मामी? की महागावपर्यंत जाऊ?"

मामींनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चाल ना मंग. थांबते कायले?"