शेठची उपसूचना

कांतिलालशेठ सभेत उठायचे ते दोन टप्प्यांत. आधी उजवा हात वर जायचा, तोही कोपर बरगडीला चिकटवून, शेजारच्याला धक्का लागू नये अशा बेताने. मग पुढच्या खुर्चीची पाठ धरून हातामागोमाग शेठ उभे राहायचे. सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद निघायचा. तो बहुधा कॅलेंडरचं उलटून गेलेलं पान असायचा आणि मजकूर त्याच्या कोऱ्या बाजूला. चष्मा नीट करून ते म्हणायचे, "अध्यक्षमहाराज, माझी एक उपसूचना आहे." यावर सभागृहातून कोणीतरी हमखास म्हणायचं, "आली."

आमच्या पक्षाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी फार जणांना आठवणार नाही, आणि ज्यांना आठवेल ते आता दुसऱ्या पक्षांत आहेत. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची मिळून आमची एक समिती होती आणि तिचं वर्षातून एकदा अधिवेशन भरायचं. पक्षाचं धोरण तिथे ठरतं, असं घटनेत लिहिलं होतं आणि नव्वदनंतरच्या पहिल्या काही वर्षांत आमचा त्यावर विश्वासही होता. आधी मसुदा ठराव वाचायचा. मग कोणाही सभासदाने उपसूचना मांडायची, म्हणजे ठरावात अमुक ओळ घाला किंवा तमुक काढा असं सुचवायचं. तिला सभागृहातून एक अनुमोदक मिळाला की चर्चा, आणि चर्चेनंतर हात वर करून मतदान. एकही मिळाला नाही तर उपसूचना पडली. इतिवृत्तात तिची नोंदसुद्धा करायची नाही. हे इतिवृत्त मी लिहायचो. जुन्नरच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, अक्षर बरं होतं आणि नाही म्हणता येत नव्हतं, एवढ्या पात्रतेवर मला चिटणीस करून मंचावर बसवलं होतं.

अधिवेशन मे महिन्यात व्हायचं. एका हितचिंतकाचं मंगल कार्यालय आम्हाला फुकट मिळायचं, पण लग्न नसेल त्याच दिवशी. त्यामुळे ज्योतिषाविरुद्ध दोन ठराव केलेली आमची समिती दरवर्षी चैत्रात पंचांग उघडून बसायची आणि मुहूर्त नसलेला दिवस शोधायची. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट तशीच असायची. नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्यांत अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे शेजारी शेजारी बसायचे, मागे वधू-वरांच्या नावांची थर्माकोलची अक्षरं, आणि त्या अक्षरांखाली शेतीमालाच्या भावाबद्दल भाषणं.

शेठचं दुकान घोडेगावच्या पेठेत होतं. पणजोबा मारवाडातून आले, पण घरात चार पिढ्या मराठीच. घराणं हिरड्याच्या व्यापारातलं. भीमाशंकरच्या बाजूच्या रानातला हिरडा लोक उन्हाळ्यात झोडपून, वाळवून, पोत्यात भरून खाली पेठेत आणायचे आणि तिथे व्यापाऱ्याच्या काट्यावर तो मोजला जायचा. शेठ ऐन तिशीत आमच्या पक्षात आले आणि पुढे काही वर्षांनी त्यांनी हिरडा घेणं बंद केलं. थोरल्या भावाने दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत घातली. पलीकडे हिरडा, अलीकडे वह्या, पेन्सिली आणि कांतिलालशेठ. पत्नी लवकर गेली होती, मुलगी सुरतेला दिलेली. त्यांच्या समाजात त्यांना 'पुढारी' म्हणत आणि आमच्या पक्षात 'शेठ'. आमच्यात प्रत्येक जण दुसऱ्याला भाऊ म्हणायचा. काल आलेल्या पोरालाही भाऊ. वीस वर्षं सभासद असलेल्या या माणसाला मात्र सभेत कोणी भाऊ म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ते आपला डबा घेऊन कार्यालयाच्या मागच्या पायरीवर बसायचे. कांदा-लसूण त्यांना चालत नव्हता. गंमत अशी की आमचा निम्मा पक्ष कांदेवाल्यांचा होता. जन्मात कांदा न खाल्लेल्या या माणसाने कांद्याच्या भावाच्या प्रत्येक ठरावाला हात वर केला. उसाला केला, दुधाला केला. आणि शेवटी स्वतःचा कागद उघडून एकच ओळ वाचली: "हिरड्याची खरेदी डोंगरावरच्या गावांतच व्हावी, काटा वर न्यावा."

पहिल्यांदा ती ओळ ऐकली तेव्हा मला ती फारच किरकोळ वाटली. आमच्या ठरावांत जागतिक अर्थव्यवस्था असायची. एकदा दुकानात बसलो असताना मी त्यांना विचारलं की एवढं काय आहे त्या काट्यात. त्यांनी पेन्सिलींचा खोका बाजूला सारला आणि वडिलांच्या वेळची हकिकत सांगितली. वर डोंगरातल्या तळेघरच्या बाजूची एक बाई डोक्यावर पोतं घेऊन उन्हातून उतरली. काल होता त्याहून कमी भाव वडिलांनी सांगितला. तिने एकदा पोत्याकडे पाहिलं आणि एकदा डोंगराकडे.

"ती परत वर नेणार नाही हे वडिलांना ठाऊक होतं," शेठ म्हणाले. "मी तेरा वर्षांचा होतो, मलाही ठाऊक होतं. खाली उतरलेला माणूस भाव करत नाही, चिटणीस. तो भाव ऐकतो. काटा वर असता तर तिने पोतं उचलून घरात नेऊन ठेवलं असतं. बस, एवढंच आहे त्या काट्यात."

आमच्या सगळ्या ठरावांतून मला जेवढं अर्थशास्त्र कळलं नव्हतं, तेवढं त्या पाच-सहा वाक्यांत कळलं. तरी पुढच्या अधिवेशनात मी मंचावर बसून राहिलो. मंचावरच्याने अनुमोदन देऊ नये असा आमच्यात संकेत होता. संकेत होता, नियम नव्हता.

सभागृहात खाली बसलेल्यांचंही शेठशी काही वैर नव्हतं. डिंगोऱ्याच्या माणसाला कांद्याचं पडलेलं, ओतूरकडच्याला कालव्याचं. हिरडा कोणाच्याच बांधावर नव्हता. शिवाय उपसूचना यायची जेवणाच्या तोंडावर. अध्यक्ष विचारायचे, "अनुमोदक?" कोणी म्हणायचं, "शेठ, बसा राव, वरणभात निवतोय." एकदा एक जण म्हणाला की शेठला वर काटा टाकून सगळा डोंगरच विकत घ्यायचा असेल. लोक हसले. शेठही हसले आणि कागदाची पुन्हा पहिल्यासारखी चौघडी घालून तो खिशात ठेवला. पडलेल्या उपसूचनेचा कागद कशाला जपता, असं मी विचारलं तर म्हणाले, "पुढच्या वर्षी लागेल."

ज्यांचा हिरडा होता ते अधिवेशनाला येतच नसत, कारण मे महिन्यात ते हिरड्याच्या झाडांवर असत. शेठने एकदा अधिवेशन दिवाळीनंतर घ्यावं असंही सुचवून पाहिलं. दिवाळीनंतर कार्यालयात जेवणावळी असतात, असं उत्तर मिळालं.

म्हणून एका वर्षी ते स्वतः तळेघरला गेले आणि मला बरोबर घेऊन गेले. एस.टी.तून उतरून पुढे तासभर चाल. तिथल्या एका वाडीत हौसाबाई म्हणून आमच्या सभासद होत्या. पक्षाच्या यादीत त्यांचं नाव होतं, पण त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. अंगणभर हिरडा वाळत घातलेला. त्यांनी शेठना पाहिलं आणि "या कांतीभाऊ" म्हणून घोंगडी टाकली. मी शेठकडे पाहिलं. ते चप्पल काढण्यात फार वेळ घालवत होते.

शेठने त्यांना अधिवेशनाची सगळी रीत समजावून सांगितली. मी कागद वाचेन, अध्यक्ष अनुमोदक विचारतील, तेव्हा तुम्ही हात वर करायचा.

"फकस्त हात? बोलायचं काय न्हाई?"

"नाव विचारलं तर नाव सांगायचं."

"आन् मंग काटा येतो?"

"मग चर्चा होते."

"म्हंजी काटा येत न्हाई."

"चर्चा तरी होते, हौसाबाई," शेठ म्हणाले. "अजून तीच झाली नाही."

हौसाबाईंनी हिरड्याच्या ढिगातला हात काढून वर करून दाखवला. बोटं काळी पडलेली. "एवढा वर फुरं का?" शेठ म्हणाले, फार झाला.

त्या वर्षीचं अधिवेशनही मंचरच्या त्याच मंगल कार्यालयात होतं. तळेघरची गाडी दुपारी एकच्या सुमारास पोचायची आणि ठराव या वेळी जेवणानंतर ठेवले होते, तेव्हा चिंता नव्हती. शेठ सकाळपासून पुढून तिसऱ्या रांगेत, शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून बसले होते. पण प्रमुख पाहुण्यांना पुण्याला दुसरा कार्यक्रम निघाला. पाहुणे नसताना ठराव संमत केले तर त्यांना वाईट वाटेल म्हणून अध्यक्षांनी ठराव जेवणाआधी घेतले. हा बदल मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून घेतला.

भावाचा ठराव आला तेव्हा बारा वाजून गेले होते. शेठ दोन टप्प्यांत उठले, ओळ वाचली. अध्यक्षांनी अनुमोदक विचारला. शेठ म्हणाले, "अध्यक्षमहाराज, अनुमोदक गाडीत आहे. तळेघरची गाडी यायची आहे."

असा हशा आमच्या अधिवेशनात मी कधी ऐकला नव्हता. पाहुणेही हसले आणि मग घड्याळाकडे पाहिलं. शेठ उभेच होते. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, मंचाकडे पाहिलं. अध्यक्षांकडे नाही, माझ्याकडे. मी इतिवृत्ताच्या वहीत तारखेखाली एक रेघ ओढली. मग ती जाड केली. वर पाहिलं तेव्हा ते बसले होते आणि ठराव मूळ स्वरूपात मंजूर झाला होता.

हौसाबाई आल्या त्या पंगत अर्धी उठल्यावर. नवं लुगडं नेसलेल्या, एका हाताने डोक्यावरचा पदर धरलेल्या. शेठच्या शेजारी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "कांतीभाऊ, हात कवा वर करायचा?"

"झालं बाई ते," शेठ म्हणाले. "तुम्ही जेवून घ्या. परतीची गाडी तीनला आहे." आणि आपला डबा न उघडता ते त्यांना वाढायला पंगतीत गेले.

दोन दिवस मला चैन पडली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन मी घोडेगावला गेलो. त्यांना म्हटलं, इतिवृत्त अजून पक्कं केलेलं नाही. उपसूचना मांडली, हौसाबाईंनी अनुमोदन दिलं आणि ती बहुमताने फेटाळली, असं लिहून टाकतो. निदान नोंद तरी राहील. कोण वाचतंय?

शेठ गिऱ्हाइकाला खोडरबर देत होते. तो जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "लिहू नका. हात वर करा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. फळ्यांच्या भिंतीपलीकडे कोणीतरी पोतं काट्यावर टाकल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनी तो ऐकला. मग त्यांनी मला चहा पाजला.

त्यानंतरही ते सात-आठ अधिवेशनांना आले. दरम्यान पक्ष शिकला होता. हात मोजण्यात वेळ जातो म्हणून ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होऊ लागले, पाहुण्यांना फेटे आले, दारात फ्लेक्स आला. शेठ टाळ्या थांबायची वाट पाहायचे आणि मग हात वर करायचे, तोवर अध्यक्ष पुढच्या विषयावर गेलेले असायचे. "आली" म्हणणारेही राहिले नव्हते. आणि मी? मी दरवर्षी ठरवून जायचो. दरवर्षी मंच उंच वाटायचा.

ते गेले ते श्रावणात. शोकसभेला तीसेक माणसं होती. हौसाबाई नव्हत्या, त्यांना कळवायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. पक्षाचे आधारस्तंभ, कधीही भरून न येणारी हानी, असा ठराव मीच लिहिला होता. सगळे उभे राहिले आणि तो एकमताने मंजूर झाला. शेठच्या बाबतीत सभागृहाने एकमताने काही केल्याची ती पहिली वेळ. शोकठरावाला अनुमोदक लागत नाही.

त्याच महिन्यात मी चिटणीसपद सोडलं. पुढच्या मे महिन्यात, पंचांगात मुहूर्त नसलेल्या एका दिवशी, मी खाली पुढून तिसऱ्या रांगेत बसलो. खिशात कॅलेंडरचं पान होतं. भावाचा ठराव वाचून होताच, टाळ्या पडायच्या आत, मी उठलो आणि ती ओळ वाचली. नव्या अध्यक्षांना रीत ठाऊक नव्हती. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, तेव्हा त्यांनी माइकमध्ये विचारलं, "कोणी अनुमोदक?"

मंचावरून हा प्रश्न मी वीसेक वेळा ऐकला होता. तो आणि पुढचा विषय यांच्यामध्ये काही अंतर असतं हे मला माहीतच नव्हतं, कारण वहीत तिथे काही लिहायचं नसतं. खाली उभं राहिल्यावर ते कळतं. छताचे पंखे ऐकू येतात. मागे कोणाच्या तरी मोबाइलवर गाणं वाजतं आणि बंद होतं. आपण दाराकडे पाहतो, दारात कोणी नसतं. मग मंचाकडे पाहतो. मंचावर नवी चिटणीस मुलगी पेन उचलून बसली होती. आमची नजरानजर झाली आणि तिने मान खाली घालून वहीत काहीतरी करायला सुरुवात केली. रेघ ओढत असावी.

मी बसलो. कागदाची चौघडी घातली आणि खिशात ठेवली. पुढच्या वर्षी लागेल.