डावीकडचा हॉर्न

मी थापा मारतो, हे अमरावतीत सगळ्यांना ठाऊक आहे. एका उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड तळूनच खाली आले, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता बायकोलाही ते आठवतं. त्यामुळं पुढचं सगळं खरं आहे, असं मी म्हटलं तरी तुम्ही हसणार. हसा. माझा सख्खा भाऊ हसलाही नाही.

त्याचं असं झालं. गाडीच्या स्टिअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता. चाक फिरवलं की गाडी आधी विचार करायची, चार लोकांना विचारायची, मग वळायची. वर्षभर मी तशीच चालवली. पण अकोल्याहून वैनीचा फोन आला.

"भाऊजी, घर इकलं आमी. पोरगा बंगलोरले घेऊन चालला. पुढच्या आयतवारी येऊन जा."

"दादा काय म्हणते?"

"काई म्हणत नाईत. नाई म्हटलं नाई, हेच खूप समजा."

दादा आणि मी सात वर्षं बोललो नव्हतो. कारण सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वडील लवकर गेले, मला दादानंच वाढवलं. त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेलो. त्या सायकलला घंटी नव्हती. समोर कोणी आलं की दादा म्हणायचा, "ओ काका, जरा बाजूले." मी एकदा विचारलं, घंटी काहून नाई लावत? म्हणाला, "घंटी ढोराच्या गळ्यात असते. माणसाले तोंडानं बोलवावं."

सात वर्षांपूर्वी ही गाडी घेतली तेव्हा पहिल्याच रविवारी तिला दाखवायला मी अकोल्याला गेलो. दादाच्या फाटकापाशी उभी केली. उतरलो नाही. काच वर, एसी चालू. हॉर्न दाबला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा लांब. दादा बनियनवर बाहेर आला.

"काहून बे? मी का तुया नौकर हाओ?"

"अरे दादा, बस ना. चक्कर मारून आणतो."

"उतरता नाई येत? उतरला तं गाडी मातीची होते का?"

मी हसलो. तेच चुकलं. तो आत गेला, दार लावलं, आणि ते दार सात वर्षं लागलेलंच राहिलं.

तर आता जायचं म्हणजे गाडी धड हवी. बडनेरा रोडवर एक गॅरेज आहे, मालक स्वतःच मिस्त्री. त्याच्या तोंडात एकच मंत्र : सेट होते. ब्रेक कचकन लागतो? सेट होते. गाडीतून धूर येतो? सेट होते. उद्या कोणाची गाडी जळून राख झाली, तरी तो ती राख पायानं सारखी करून म्हणेल, चालवा दोन दिवस.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. चाक खरंच लोण्यासारखं फिरत होतं. गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडून डावीकडं वळलो आणि हॉर्न वाजला. मी हात उचलला. वाजतच राहिला. चाक सरळ केलं, थांबला. पुन्हा डावीकडं, पुन्हा पोंऽऽऽ. राजकमल चौकात मी वळलो तेव्हा एका म्हाताऱ्यानं हातातली भाजी टाकून मला हात जोडले. मी तसाच मागं फिरलो.

"मिस्त्री, डावीकडं वळलं की हॉर्न वाजून राहिला."

"आन उजवीकडं?"

"उजवीकडं नाई."

"मंग अर्धी तं बरोबर हाये ना."

त्यानं चाकाखाली हात घातला, कुठंतरी चिकटपट्टी गुंडाळली. "हॉर्नची वायर चाकाच्या दांड्यात दबून राहिली होती. आता घासून घासून जागा करते. सेट होते." दोन सीटच्या मधल्या खणात मला एक स्क्रू सापडला. हा कुठला, विचारलं. म्हणाला, "कंपनी जास्तीचे देते."

रस्त्यावर येताच पुन्हा वाजला, म्हणून पुढचे आठ दिवस मी फक्त उजवीकडं वळलो. डावीकडं जायचं असलं की तीन उजवी वळणं घ्यायची. डेअरी डावीकडं पडते, म्हणून घरात आठ दिवस कोरा चहा. शनिवारी पुन्हा गॅरेज गाठलं. उद्या मला अकोल्याला जायचंय, म्हटलं, आणि तिथं हा हॉर्न वाजला तर माझं घर मोडेल.

"हॉर्नच काढून टाकू का?"

इथं मी चुकलो. महामार्गावर ट्रॅक्टर, ट्रॉल्या, म्हशी. हॉर्नशिवाय कसा जाणार? नको म्हटलं. त्यानं पुन्हा वायर इकडची तिकडं केली आणि गाडी आवारात डावीकडं गोल गोल फिरवून दाखवली. चिडीचूप.

"पाहा. म्हटलं होतं ना?"

रविवारी शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची पेटी डिकीत घालून निघालो. दादाला संत्री सोलून कोणी दिली तर आवडतात, स्वतः सोलत नाही. बेत पक्का होता : गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवायची, चालत फाटकापर्यंत जायचं आणि तोंडानं हाक मारायची. दादा. बस, एवढंच. मूर्तिजापूरपासून मी ती हाक गाडीतल्या गाडीत म्हणून पाहत होतो. कधी फार मोठी व्हायची, कधी अगदीच बारीक.

रस्ताभर डावीकडं वळलो, हॉर्न गप्प. गल्लीच्या तोंडाशी थांबलो. पेटी जड होती, असं मी नंतर बायकोला सांगितलं. पेटी जड नव्हती. सात वर्षांनीसुद्धा दादानं माझी गाडी पाहावी, असं मला वाटत होतं. मी गल्लीत वळलो.

पोंऽऽऽऽ.

गल्ली डावीकडं वाकत जाते, आणि उजव्या हाताला उघडी नाली. चाक सरळ करावं तर नालीत जावं, म्हणून डावीकडंच दाबून ठेवलेलं, आणि हॉर्न अखंड. अकोल्यातली सगळी कुत्री तिथं जमली असावीत. फाटकाशी आलो. दादा अंगणात खोके बांधत बसला होता. त्यानं मान वर केली. मी काच खाली करून ओरडलो, "दादा, मी नाई वाजवून राहिलो!" त्याला काय ऐकू जाणार? त्याला दिसला असेल तोच माणूस, तीच गाडी, तेच फाटक आणि उघडं तोंड. इंजिन बंद केलं, तरी वाजतोय. शेवटी चाक उजवीकडं हिसडलं तेव्हा थांबला.

"वाजवून झालं?" दादानं विचारलं.

"दादा, गॅरेजवाल्यानं वायर दाबून ठेवली. डावीकडं वळली की आपोआप वाजते."

"आपोआप."

"हाव ना."

"फक्त डावीकडं."

"हाव."

"आन माया फाटकापाशी."

वैनी दारात आली. "बसून तं पाहा त्यायच्यासंगं एकदा. खरं असंल."

दादा उठला. आत जाऊन सदरा घालून आला, वरची गुंडीसुद्धा लावली, आणि माझ्या शेजारी बसला. सात वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते असं घडलं, पंचनाम्याला बसल्यासारखं.

त्या वस्तीला चक्कर मारायची तर चारही वळणं डावी. पहिलं वळलो. शांत. दुसरं, तिसरं. शांत. इतकी गप्प गाडी मी आयुष्यात पाहिली नाही. दादाच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. दुसरी चक्कर. मी चाक हिसडून वळवत होतो, वाज ना माय, वाज, असं पुटपुटत होतो. दादा समोर पाहत होता.

तिसऱ्या चकरेत तो बोलला. "शाळा बुडवली का तू सांगायचा, रस्त्यात अस्वल आडवं आलं."

"दादा, ते—"

"मी मास्तरले तेच सांगून यायचो. अस्वल आलं होतं म्हणून. खोटं हाये हे ठाऊक असून." दाराच्या कडीला हात घालून म्हणाला, "आता नाई जमत बे. थांबव."

तो गल्लीच्या तोंडाशी उतरला आणि चालत गेला. मला हाक मारायची होती. ती गाडीतच राहिली. पेटी डिकीतच राहिली.

परत येताना मूर्तिजापूरला चहासाठी डावीकडं वळलो आणि हॉर्न असा बोंबलला की बंद पडलेली शकुंतला आगगाडी पुन्हा सुरू झाली समजून माणसं स्टेशनाकडं धावली. ही थाप आहे. हॉर्न वाजला, हे खरं आहे. कोणी धावलं नाही. मी एकटाच रस्त्याच्या कडेला बसून राहिलो.

सोमवारी गॅरेजच्या दारातच वाजला.

"आज वाजून राहिला का? शनिवारी तं सेट झालता. तुमीच काई हालवलं असंल."

"मिस्त्री, तुया वायरीपायी माया भाऊ गेला!"

त्याच्या हातातला पाना खाली आला. "अरे बापरे. कधी वारले?"

"वारला नाई. रागावून गेला."

"मंग येते ना." त्यानं पाना पुन्हा उचलला. "भाऊच हाये. सेट होते."

त्या क्षणी मला तो पाना हवा होता. पण मी गाडीत बसलो, एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातानं चाक डावीकडं वळवलं, आणि हॉर्न नीट, स्पष्ट, अर्धा मिनिट वाजताना चित्रित केला. मग वायर उपटून टाकली. व्हिडिओ दादाला पाठवला. खाली लिहिलं : पाहा.

आठ दिवस काही नाही. मग बंगलोरहून एक ओळ आली. सात वर्षांनंतरची त्याची पहिली ओळ, शुद्धलेखन नेहमीसारखं चोख.

"व्हिडिओत तुझा एकच हात दिसतो. दुसरा कुठे होता?"

दुसऱ्या हातात फोन होता, असं मी लिहिलं. वाचून पाहिलं. मलाच ती थाप वाटली, म्हणून पुसून टाकलं.