दातांनी ऐकणारा मिस्त्री

“आवाज हाडात आयकाचा असते गा, कान तं सारेच घेऊन फिरते,” असं नागसेन एकदा म्हणाला होता, आणि कामठी रोडवरच्या त्या गॅरेजात हे वाक्य पुढं वीसेक वर्षं चहासोबत फिरत राहिलं.

तेव्हा त्यानं तोंडातला लोखंडी रॉड नुकताच काढला होता. हातभर लांब, बोटाएवढा जाड. बाकीचे मिस्त्री पेचकसाची मूठ कानाला लावून इंजिन ऐकतात. नागसेन रॉडचं एक टोक इंजिनावर टेकवायचा, दुसरं दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा: टॅपेट, किंवा पिस्टन, किंवा तीन नंबरचं बेरिंग. इंजिन खोललं की तेच निघायचं. “मिस्त्री इंजिन चावून पाहते,” असं ट्रकवाले हसून म्हणत. ती त्याची लकब आहे असं सगळ्यांना वाटे.

ती लकब नव्हती. लहानपणापासून त्याचे दोन्ही कान वाहायचे. चाळिशीपर्यंत पडदे गेले. पण गॅरेजात सगळेच ओरडून बोलतात, तिथं बहिरेपण लपतं. उरलेलं तो ओठांवरून वाचायचा. इंजिनाचा आवाज मात्र दातांतून जबड्यात आणि जबड्यातून डोक्यात चढायचा, स्वच्छ, एकेक ठोका वेगळा. बायकोला हे माहीत होतं. ती गेली. मुलगी प्रीती समजायची, बाबा कमी बोलतात.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं हिरड्या सडल्या तेव्हा प्रीतीनंच त्याला ओढत दवाखान्यात नेलं. एकेक करून सगळे दात काढले, दोन महिन्यांनी कवळी बसली. जरीपटक्याच्या घरी तिनं त्याच्यापुढं आरसा धरला. “हसा नं बाबा. कसे हिरो दिसता!” तो हसला. तिनं आपलं काय काढून टाकलं, हे तिला कधीच कळू द्यायचं नाही असं त्यानं त्या आरशातच ठरवलं.

त्यानंतर महिन्याभरात नत्थूचा ट्रक आला. नत्थू कुहीचा, स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. त्याचं इंजिन नागसेननं नव्यानं बांधून दिलं होतं. क्रँक, म्हणजे बेरिंगांवर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, घासून दिला होता गोपाळरावांनी. त्यांचं लेथ मशीन मागच्याच गल्लीत, आणि नागसेनची इंजिनं तीस वर्षं त्यांच्याच हातच्या क्रँकवर फिरत होती.

“मिस्त्री, ठोका येऊन राहिला,” नत्थू म्हणाला. “नवीन इंजिन अन् आतमंदी कोनी खलबत्ता कुटून राहिल्यावानी.”

नागसेननं इंजिन चालू ठेवून डिझेलच्या नळ्यांचे नट एकामागून एक सैल केले. तिसऱ्या नळीला नत्थूचा चेहरा उजळला. “कमी झाला, कमी झाला!” म्हणजे दोष तीन नंबरच्या सिलिंडरात. पण तिथं दोन गोष्टी असू शकतात. वरचं, डिझेल फवारणारं नोझल ठोकत असेल तर फार बिघडत नाही. खालचं बेरिंग ठोकत असेल तर ट्रक गेटाबाहेरही काढायचा नाही. दोन्हींचा आवाज डिझेल तोडलं की घटतो. फरक फक्त हाडाला कळतो: नोझल कोरडं, वरच्या वर टिचकी मारल्यासारखं, बेरिंग खोल, जड.

त्यानं रॉड खाली ऑइलच्या चेंबरवर टेकवला आणि कवळीत धरला. कवळी खडखडली. त्यापलीकडं काही नाही. त्यानं हळूच पाठ वळवली, कवळी काढून खिशात टाकली आणि रॉड नुसत्या हिरड्यांत आवळला. थरथर आली. नुसती थरथर, जिला नाव नव्हतं. हिरडीतून रक्त मात्र आलं.

मागं गॅरेजचे मालक मधुकरराव उभे होते, नत्थू उभा होता. कवळी परत बसवून तो वळला तेव्हा दोघं त्याच्या तोंडाकडं बघत होते.

“नोझल हाये,” नागसेन म्हणाला. “चालता चालता बसल.”

“नोझल बदलून पाहाचं का एकडाव?” मधुकररावांनी विचारलं.

“काहून? मी बोललो नं?”

मधुकररावांनी ट्रक सोडायला सांगितला. या तोंडातून आलेल्या शब्दावर त्यांचं गॅरेज उभं होतं.

चौथ्या दिवशी उमरेड रोडवर, धानाची पोती भरलेली असताना, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. नत्थू वाचला. ट्रक बांधून ओढत आणला तेव्हा ब्लॉकला मूठ जाईल एवढं भोक होतं आणि तीन नंबरचं बेरिंग वितळून क्रँकला चिकटलं होतं. जळलेल्या बेरिंगवरून चूक कोणाची हे कोणी सांगू शकत नाही.

मधुकररावांना मात्र उत्तर हवं होतं. त्यांनी गोपाळरावांना बोलावलं. सत्तरीचे गोपाळराव चष्मा पुसत आले, क्रँकवरून अंगठा फिरवला आणि बाकावर बसले.

“घासनं चुकलं का गा, गोपाळराव?” मधुकररावांनी विचारलं.

गोपाळराव हळू बोलतात. नागसेनला ते ओठांवरून वाचावं लागलं.

“इंजिन नागसेननं बांधलं. नागसेननंच आयकून सोडलं. त्याले बेरिंग आयकू आलं नाही असं होनार नाही, म्हंजे बांधनीत चूक नाही. मंग उरलो कोन? मीच नं. डोये कमी झाले माहे. आता लेथ बंद करतो.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बरेच दिवस मनात असलेली गोष्ट कोणीतरी सोपी करून दिल्यासारखे ते उठायला लागले.

नागसेननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बसवलं.

“तुमी लेथ बंद नोका करू. मले आयकूच येत नाही,” तो म्हणाला. “कानानं कधीचंच नाही. दातानं आयकत होतो. दात गेले. त्या दिवशी मले काहीच आयकू आलं नाही, अन् मी नोझल म्हटलं.”

बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मधुकररावांनी दार ओढून घेतलं. नत्थू टायरवर बसला होता, तो खाली बघू लागला. आता तो शिवी देईल, या अपेक्षेनं नागसेननं त्याच्या ओठांकडं पाहिलं. ओठ हलले नाहीत.

हलले मधुकररावांचे. ते जवळ आले आणि त्याला कळावं म्हणून एकेक शब्द तोडून, तोंड मोठं करून बोलले. लहान पोराशी बोलतात तसं.

“हे इथंच राहू द्या, नागसेनभाऊ. नत्थूचं इंजिन मी भरून देतो. तुमी जाऊ नोका कुठंच. गिऱ्हाईक तुमचं नाव आयकून येते. तुमी फक्त बसा. रॉड धरा तोंडात, डोये मिटा. आवाज मी आयकतो नं. मी इशारा करतो, तुमी सांगा. कोनाले काय समजते?”

ते प्रेमानं बोलत होते. हे नागसेनला दिसत होतं.

“सांगा, जमल नं?”

नागसेननं चिंधीवर थोडं डिझेल ओतलं. बोटं पुसली, नखांच्या कडा पुसल्या, मनगटं पुसली. चिंधी घडी करून बाकावर ठेवली. गोपाळरावांनी त्याचं नाव घेऊन हाक मारली, पण तोवर त्याची पाठ झाली होती. ओढलेलं दार त्यानं अंग जाईल एवढंच उघडलं आणि तो बाहेर गेला.