व्याह्यांसाठी रेंजफाइंडर

आमच्या घरात आजवर कुणी झुरळसुद्धा मारलेलं नाही. (टेक्सासमधली झुरळं उडतात. ती उडाली की मीही उडतो, आणि माझी बायको सुनंदा त्यांना केरसुणीवर घेऊन सन्मानानं अंगणात सोडून येते.) अशा घरात राहून गेल्या वर्षी मी शिकारीच्या सामानाचा तज्ज्ञ झालो.

त्याचं असं झालं, की आमच्या ऋचाचं लग्न ठरलं. मुलगा टायलर. गुणी, हसरा, वरणभात मिटक्या मारत खाणारा, त्यामुळे सुनंदानं त्याला पहिल्याच जेवणात पास करून टाकलं होतं. प्रश्न होता त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या व्याह्यांचा. वेन हे आडदांड, दाराच्या चौकटीत वाकून शिरणारे गृहस्थ, आणि बोलायला अत्यंत काटकसरी. साखरपुड्याच्या दिवशी आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून हवामानावर भरपूर बोललो. म्हणजे मी बोललो. ते "यप" म्हणाले.

आणि एके दिवशी याच वेनचा फोन आला! नोव्हेंबरात हरणांचा सीझन सुरू होतो, माझ्याबरोबर रँचवर चल, असं म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. ऋचाला सांगितलं तर ती किंचाळलीच.

"बाबा! ही नेव्हर टेक्स एनीवन! फक्त टायलरला नेतात ते. धिस इज ह्यूज!"

"अगं पण मी शाकाहारी माणूस. मी तिथे जाऊन काय करू?"

"जस्ट सिट विथ हिम. बाबा, आय रिअली वाँट यू बोथ टु बी फ्रेंड्स. लग्नात तुम्ही दोघं पुन्हा वेदरवर बोलत बसलात ना, तर आय विल क्राय. प्लीज जा. आणि प्लीज, नॉर्मल राहा."

"मी नॉर्मलच असतो."

"बाबा."

पोरीच्या त्या एका "बाबा"मध्ये बरंच काही होतं. मी जायचं ठरवलं.

"अहो, पण मुलाकडच्यांकडे रिकाम्या हातानं जायचं नाही हं," सुनंदा म्हणाली. "व्याह्यांचा मान असतो. शाल आणि नारळ देऊ."

"आई, ही इज नॉट अ कोकोनट पर्सन!" ऋचा म्हणाली. मग तिनंच सुचवलं, की वेनचा जुना रेंजफाइंडर बिघडलाय, तो आपण नवा देऊ. "बाबा, तुम्ही इंजिनीयर आहात ना, एखादा चांगला सिलेक्ट करा."

रिटायर्ड इंजिनीयरला असं कधी म्हणू नये. मी चाळीस वर्षं पंप निवडले, व्हॉल्व्ह निवडले. रिटायर झाल्यापासून मला निवडायला फक्त भाजी उरली होती, आणि तीही सुनंदा परत निवडते. मी त्या रेंजफाइंडरवर तुटून पडलो. यंत्र साधंच असतं. एका डोळ्यानं बघायची छोटी दुर्बीण, वर बटण. बटण दाबलं की न दिसणारा किरण सुटतो, हरणावर आपटून परत येतो, आणि हरीण किती यार्डांवर आहे तो आकडा आत उमटतो. पण बाजारात त्याचे इतके प्रकार की मती गुंग व्हावी. खोक्यावर लिहिलेलं अंतर चकचकीत पाटीसाठी असतं, हरणासाठी नाही, कारण हरीण चकचकीत नसतं! हे कळलं त्या दिवशी मला ब्रह्मज्ञान झाल्यासारखं वाटलं. पुढे मचाणावरून खाली नेम धरताना तिरकं अंतर वेगळं आणि आडवं अंतर वेगळं, हे मी सुनंदाला जेवताना पापड उभा धरून समजावलं. तिनं पापड काढून घेतला.

दुकानात गेलो. दारातच पेंढा भरलेलं अस्वल दोन पायांवर उभं होतं. काउंटरवरच्या तरुणीनं विचारलं, "सर, कशाची शिकार करता?"

"नथिंग. आय ॲम व्हेजिटेरियन."

तिनं जरा अस्वलाकडे बघितलं. "ओके... मग साधारण किती लांबून?"

"जितकं लांब राहता येईल तितकं!"

एवढं होऊनही तिनं मला धीरानं सगळं दाखवलं. मी तिला विचारलं, की मध्ये झुडूप असेल तर यंत्र झुडपाचं अंतर सांगेल की मागच्या हरणाचं? तिनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. (किंवा दुकान बंद व्हायची वेळ झाली होती.) शेवटी मी गवत-फांद्या वगळून मागचं जनावर पकडणारा, तिरकं अंतर आपोआप सुधारणारा, चष्मेवाल्यालाही नीट दिसेल असा एक सुरेख नग निवडला. व्याह्यांना डोळे मिटून भरवसा ठेवता येईल असा.

पण भेट द्यायची वस्तू तपासून नको का घ्यायला? दुसऱ्या दिवशी पहाटे मी आमच्या गल्लीत उतरलो. समोरची टपालपेटी मोजली. कोपऱ्यावरचं ओकचं झाड मोजलं. शेजारच्या लिंडाबाईंचं गॅरेज, त्यांचं कुत्रं, कुत्र्यामागून धावत आलेल्या लिंडाबाई, सगळं मोजलं. आकडे चोख! खूश होऊन घरी आलो, चहा घेतला आणि फोन उघडला, तर आमच्या फ्रिस्को गावातल्या वस्तीच्या ग्रुपवर खळबळ. 'पहाटे एक संशयित इसम घरांवर काहीतरी रोखून फिरत होता. सावध राहा.' सोबत अंधुक फोटो. मी ताबडतोब लिहिलं, 'भयंकर आहे हे! दिवस वाईट आलेत. सगळ्यांनी दारं लावून घ्या!'

सुनंदानं माझ्या खांद्यावरून फोटो पाहिला. "अहो, ही तुमची माकडटोपी."

(ऑक्टोबरात टेक्सासमध्ये माकडटोपी कशाला, असं विचारू नका. पहाटेचं वारं कानाला बाधतं.) पुढचे दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. सुनंदा घरोघर चकल्या देऊन सारवासारव करून आली. ऋचाचा फक्त एक मेसेज आला: 'बाबा. नॉर्मल.'

आणि मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. पाटावर स्क्रू-ड्रायव्हर, ड्रिल मशीन, लॅपटॉप, मिक्सर आणि गाडीची किल्ली मांडून झाल्यावर सुनंदा म्हणाली, "तो रेंजफाइंडर आणा. खरं शस्त्र म्हणावं असं घरात तेवढंच आहे."

"अगं, ते शस्त्र नाही. मोजायचं यंत्र आहे."

"शिकारीला नेणार ना? मग शस्त्रच. नव्या वस्तूला पूजा केल्याशिवाय व्याह्यांच्या हातात द्यायची का? त्यांना यश नको?"

मुद्दा बिनतोड होता. तिनं हळद-कुंकू कालवलं, बोट बुडवलं आणि विचारलं, "कुठे लावू?" यंत्राच्या तोंडावर दोन काचा होत्या, एक मोठी आणि खाली एक छोटी. मी मोठ्या अधिकारानं म्हणालो, "मोठ्या काचेला अजिबात हात लावू नकोस, त्यातून बघायचं असतं. ती खालची छोटी आहे ना, गोल, तिथे लाव. शोभेची दिसतेय." तिनं मस्त ठसठशीत बोट लावलं. वर अक्षता. मग मीच तो नग खोक्यात घातला, खणाच्या कापडात गुंडाळला आणि वर नाडा बांधला. वस्तू कोरी दिसावी म्हणून पुन्हा काही उघडला नाही.

रँचवर पोचलो त्या संध्याकाळी वेनना भेट दिली. त्यांनी खण उलगडला, खोकं उघडलं, यंत्र तळहातावर तोललं आणि माझ्याकडे पाहत चक्क पूर्ण वाक्य बोलले. "अरविंद, मी अगदी हाच घेणार होतो." मला तर एकदम भरून आलं! पोरीचं काम झालं, असं वाटून मी रात्री शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही दोघं मचाणावर. मचाण म्हणजे खांबांवर उभं केलेलं लाकडी खोपटं, त्यात दोन खुर्च्या, एक फट आणि कडाक्याची थंडी. मी माकडटोपी ओढून बसलो. वेन हलक्या आवाजात सांगू लागले, की एक म्हातारा, भल्या मोठ्या शिंगांचा नर आहे, कितीतरी सीझन ते त्याच्या मागावर आहेत. आणि अंतराची खात्री नसेल तर ते कधीच गोळी झाडत नाहीत. जनावर जखमी होऊन तडफडावं हे त्यांना सोसवत नाही. मला हा माणूस एकदम आवडला. मचाणात बसून ते माझ्याशी साखरपुड्यापेक्षा दसपट बोलले होते.

आणि तेवढ्यात तो आला! झाडीतून निवांत, पेन्शनर फिरायला निघतो तसा. वेननी रेंजफाइंडर डोळ्याला लावला, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"काय झालं?" मी कुजबुजलो.

"नुसत्या रेघा येतायत."

"झुडपाचा मोड लावा!"

"लावला."

"सेल बघा!"

"अरविंद. नवा आहे हा. तू इंजिनीयर आहेस, तूच बघ."

मी घेतलं. हरीण समोर लख्ख दिसत होतं, पापण्यांसकट. बटण दाबलं. रेघा. आडवं धरलं, उभं धरलं, थोपटलं. रेघा! हरीण आता थांबून आमच्याकडेच बघत होतं, बहुधा आपलं अंतर ऐकायला. घाबरून मी यंत्र उलटं फिरवलं आणि पाहतो तर खालच्या छोट्या काचेवर, जिथून तो किरण येतो-जातो, तिथे वाळून कडक झालेलं कुंकू! त्यात एक अक्षत रुतलेली!

"रक्त आहे का ते?" वेननी विचारलं.

माझ्या पायाखालचं मचाण सरकलं. लग्न मोडतंय, ऋचा रडतेय, असं सगळं दिसायला लागलं. "नो, नो! आमच्याकडे सण असतो... शस्त्रांची पूजा करतात... माझ्या बायकोनं... म्हणजे जागा मी दाखवली... इट इज अ ब्लेसिंग."

वेननी कुंकवाकडे पाहिलं. मग फटीतून हरणाकडे पाहिलं. मग गंभीरपणे विचारलं, "आशीर्वाद मला दिलात, की त्याला?"

आणि मग तो अबोल माणूस जो हसायला सुटला! आधी दाबून, मग खुर्ची करकरेपर्यंत, मग डोळे पुसत. मीही सुटलो. अख्खं मचाण हलायला लागलं. हरणानं आमच्याकडे एक तुच्छतेचा कटाक्ष टाकला आणि ते डुलत डुलत झाडीत निघून गेलं. खरं सांगतो, मला मनातून फार आनंद झाला. सुनंदाची पूजा फळाला आली होती, फक्त पत्ता थोडा चुकला होता.

नाश्त्याच्या टेबलावर मी गल्लीतल्या माकडटोपीची गोष्ट सांगितली आणि वेननी हा किस्सा सांगितला. लग्नात सांगितला. मांडवात मी त्यांना गंध लावायला पुढे झालो, तर त्यांनी दोन्ही डोळ्यांवर हात धरले. ऋचा तेव्हा रडलीच, पण हसून हसून.

परवा या वर्षीच्या सीझनचा पहिला दिवस होता. वेनचा फोन आला.

"अरविंद आज पहाटे दिसला."

"मी? मी तर घरी झोपलो होतो!"

"तू नाही. तो नर. त्याचं नाव आम्ही अरविंद ठेवलंय. आता त्याच्यावर काही गोळी झाडता येणार नाही, घरातलाच झाला."

मला गहिवरून आलं. "अहो, एवढा मान! पण माझंच नाव का?"

पलीकडून उत्तर आलं, "म्हातारा आहे, शाकाहारी आहे, आणि पहाटे उठून उगाच लोकांच्या घरांकडे बघत फिरतो."