शिवेबाहेरचा धोंडिबाअण्णा

धोंडिबाअण्णाला चालताना पाहिलेला माणूस आमच्या गावात सापडणार नाही. तो पळायचाच. मेंढरं त्याच्या आज्यानं कधीच विकून टाकली होती, पण त्यांच्यामागचं पळणं घरात शिल्लक राहिलं होतं. भालकीच्या साखर कारखान्यात तो हंगामी कामाला होता आणि बस समोर उभी असली तरी पळत निघायचा. कुणी हटकलं की म्हणायचा, "बस ठेसनाला थांबती. मी कामून थांबू?" आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

अण्णाची बायको, रुक्मिणवहिनी, हैदराबादच्या दवाखान्यात कॅन्सरनं गेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी अण्णाला सांगितलं की, या रोगावरच्या संशोधनासाठी शहरात मॅरेथॉन होते आणि पळणारा माणूस आपापल्या ओळखीत वर्गणी गोळा करून आणतो. अण्णाला नवल वाटलं. "पळून पैसे जमतेत व्हय? मग इतकी वर्सं मी फुकटच पळलो की."

तो दारोदार फिरला. औषध शोधायचं आहे, त्यासाठी मी बेचाळीस किलोमीटर पळणार, असं प्रत्येकाला समजावून सांगायचा. गाव मान डोलवायचं. पण आमचं गाव फार शहाणं, त्याला आधीपासून जे कळतं तेवढंच कळतं. साथ आली की आमच्याकडे मरीआईचा लाकडी गाडा ओढत नेऊन शिवेपलीकडे सोडतात; गाड्याबरोबर रोगराईही जाते अशी समजूत. गावानं ठरवलं, अवंदा अण्णाच गाडा. ज्यांच्या घरी आजारी माणूस होतं त्यांनी नोट त्या माणसावरून उतरून अण्णाच्या पिशवीत टाकली. कुणी दम्यासाठी दिली, कुणी फिटसाठी. एकानं तर दूध आटलेल्या म्हशीवरून उतरून दिली. हा उतारा न्हाई, औषधाचा पैसा हाय, असं अण्णा सांगत राहिला. लोक व्हय व्हय म्हणायचे आणि जरा लांब नेऊन सोड म्हणायचे. अण्णा हसायचा. निघताना त्याच्या मायनं, गंगाबाईनं, त्याच्या पायावर पाणी घातलं.

हैदराबादला मी सोबत गेलो. कॅनव्हासचे बूट, उन्हानं तापलेले उड्डाणपूल. निम्म्यात त्याला ओकारी झाली, अंगठ्यांची नखं काळी पडली. दुभाजकाला टेकून बसला तेव्हा मी म्हटलं, बास कर. तो म्हणाला, "रुक्मीन वरडली न्हाई. मी कामून वरडू?" पुन्हा उठला. पोचला तेव्हा मांडव उतरवत होते. डॉक्टरबाईंनी हुडकून एक पदक त्याच्या गळ्यात घातलं. तो लहान पोरासारखा रडला आणि मलाही आवरलं नाही.

जीपनं परतताना शिवेवर निम्मं गाव उभं होतं. मला वाटलं, हार घेऊन आलेत. गावातल्या एका जाणत्यानं हात जोडले.

"लई मोठं काम केलास अण्णा. पर गाडा माघारी आणत नसतेत."

अण्णानं गर्दीत मायला शोधलं. "माय, तू तरी सांग की ह्यांना."

गंगाबाईच्या हातात त्याच्या कपड्यांचं गाठोडं होतं. घरून निघतानाच बांधून आणलेलं. "तू भालकीलाच ऱ्हा लेकरा," ती म्हणाली, "गावाला बरं वाटायलंय." मला मात्र जीपमधून उतरू दिलं. मी पळालो नव्हतो.

पोलिसांत जाऊ म्हणून मी पुष्कळ तणतण केली. तो म्हणाला, केस मायवर करायची का? कारखान्याजवळ त्यानं खोली घेतली. दुसऱ्या वर्षी गावातले जाणते पिशवी भरून नोटा घेऊन खोलीवर आले. रोग पुरता गेला नव्हता, म्हणून अण्णानं परत पळावं. तिडीक माझ्या डोक्यात गेली. अण्णानं पिशवी घेतली. "त्यांच्या डोस्क्यात काय बी असू दे. दवाखान्यात गेल्यावर पैसा औषधाचाच व्हतो." घरी कधी येऊ, एवढं त्यानं विचारलं. पाहुणे चहा पीत राहिले. मग तो दर वर्षी पळाला, आणि दर वर्षी गाव त्याला पैसे पोचवत राहिलं.

एका वर्षी गंगाबाईच्याच घशात गाठ निघाली. तिनं मला बोलावून घेतलं, स्वतःवरून नोट उतरून दिली आणि अवंदा त्याला जोरात पळ म्हणावं, असा निरोप दिला. अण्णाला एकदा भेटायला आणू का, असं मी विचारलं. तिनं मान हलवली. "नगं बाबा. नेलेलं सगळं घेऊन यील त्यो."

कारखान्याच्या फाटकाशी मी हे त्याला जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? त्यानं नोट खिशात घातली आणि मायला लई दुखायलंय का, एवढंच विचारलं.

मॅरेथॉनच्या सकाळी गावाहून मला फोन आला. गंगाबाई गेली होती. बोलवायला फोन नव्हता. माती उरकून घेतो, एवढं कळवायला होता. अण्णा तेव्हा रस्त्यावर होता, आणि त्या दिवशी तो खरंच जोरात पळत होता. तो पोचल्यावर मी त्याचा दम खाली बसू दिला आणि सांगितलं.

तो फुटपाथवर बसला. मग बुटांचे बंद सोडत म्हणाला, "आता तरी येऊ देतील का रं घरी?"